बसलेली गाडी : हवा ठेवावी की स्प्रिंग घालावी?

इंदुरात ‘गाडी बैठ गई’ या तीन शब्दांना दोन अर्थ आहेत. जुना अर्थ पावसाळ्यातला. माळव्याची काळी माती भिजली की रस्ता सोडून दोन हात बाजूला उतरलेली जीप आसापर्यंत रुतते. मग ट्रॅक्टर बोलवायचा आणि दोर बांधायचा. नवा अर्थ गेल्या पंधरा-वीस वर्षांत आला. रात्री अंगणात ताठ उभी केलेली मोठी परदेशी गाडी सकाळी एका कुशीवर कललेली सापडते. मागचे चाक मडगार्डच्या आत गडप झालेले असते आणि मालक चहाचा कप हातात धरून तिच्याभोवती फिरत असतो. इथे ट्रॅक्टर कामाचा नाही.

सुदामानगरात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याची गाडी गेल्या उन्हाळ्यात अशी बसली. जर्मन बनावटीची सात आसनी, दिल्लीहून सेकंडहँड घेतलेली, वय आठ वर्षे. मिस्त्रीने वाकून टॉर्च मारला आणि उभ्या उभ्या निकाल दिला, “भिया, बलून गया. चारों में स्प्रिंग डलवा लो, जिंदगी भर की छुट्टी.” संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. “भाऊजी, कंपनीचे सुटे भाग घेतले तर गाडीच्या किमतीचा केवढा तरी तुकडा त्यातच जातोय. हवा ठेवू की स्प्रिंग घालू, एवढं सांगा.” एवढंच सांगायला मला पाच-सहा गॅरेजे, एक बस डेपो आणि थोडे जुने गणित पालथे घालावे लागले. हा लेख त्यातूनच आला.

आधी यंत्र समजून घेऊ. साध्या गाडीचे वजन प्रत्येक चाकापाशी पोलादी तारेच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइल स्प्रिंगवर, तोललेले असते. एअर सस्पेन्शनच्या गाडीत तेच वजन रबराच्या पिशवीत कोंडलेल्या हवेवर उभे असते. या पिशवीला बसवाले ‘बलून’ म्हणतात आणि तोच शब्द मोटारींच्या गॅरेजातही रुळला आहे. बलूनमधला दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो. ही हवा भरायला विजेवर चालणारा एक छोटा कंप्रेसर, हवेतला ओलावा टिपायला दाणेदार सिलिकाची डबी, कोणत्या चाकाकडे हवा सोडायची ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारे कंट्रोल युनिट, असा हा संसार आहे. मागे तीन माणसे बसली की सेन्सरचा दांडा हलतो, कंप्रेसर घुरघुरतो आणि गाडी पुन्हा सपाट होते. महामार्गावर वेग वाढला की ती आपणहून थोडी खाली बसते. खडबडीत वाटेवर बटण दाबले की वर उठते.

यातले पहिले कोण मरते? बहुधा रबर. बलूनचे रबर खाली घडी पडून पिस्टनवर गुंडाळत-उलगडत असते, आणि भेग पडते ती त्या घडीत. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर माळव्याची बारीक धूळ. ती घडीत शिरून पॉलिश पेपरसारखे काम करते. भेग सुरुवातीला केसाएवढी असते. हवा हळूहळू जाते आणि कंप्रेसर ती हळूहळू भरत राहतो. मालकाला काही कळत नाही. मूळ गुन्हा रबराचा, पण फाशी होते कंप्रेसरला, कारण अधूनमधून काही सेकंद चालण्यासाठी बनवलेले ते यंत्र आता दिवसभर धापा टाकत असते. कधी त्याचा रिले चिकटतो, कधी मोटर जळते. ओलावा टिपणारी डबी भरून गेली की पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उतरते. म्हणून अनुभवी मिस्त्री नुसता नवा कंप्रेसर बसवून देत नाही. गळती न शोधता बसवलेला कंप्रेसर जुन्याच्याच वाटेने जातो, आणि मग मालक म्हणतो की ही सिस्टीमच भिकार.

आता थोडे गणित. ते टाळून या प्रश्नावर बोलणारा माणूस एक तर हवेचा भक्त असतो नाही तर स्प्रिंगचा.

आरामदायी गाडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एकदा, म्हणजे एक हर्ट्‌झच्या आसपास, डुलते. माणसाच्या पोटाला ही चाल मानवते. दीडच्या पुढे गेली की गाडी ‘कडक’ वाटू लागते. समजा एका मागच्या चाकावर रिकाम्या गाडीचे ५०० किलो वजन आहे आणि आपल्याला १.१ हर्ट्‌झची चाल हवी. त्यासाठी स्प्रिंगची कडकी दर मिलिमीटरला सुमारे २४ न्यूटन यावी लागते. आता मेहुण्याचे सात जणांचे बिऱ्हाड आणि पुण्याला न्यायचे सामान मागे भरले. त्या चाकावर १४० किलो वाढले. गाडी तिथे जवळपास ५७ मिलिमीटर खाली बसेल. पुढचे दिवे आभाळ दाखवतील आणि प्रत्येक गतिरोधकावर पोट घासेल. बसणे ४० मिलिमीटरवर रोखायचे, तर कडकी ३४ न्यूटनवर न्यावी लागेल, आणि मग रिकामी गाडी १.३ हर्ट्‌झने डुलेल. एकटा माणूस ऑफिसला जाताना प्रत्येक खड्डा मोजत जाईल.

पोलादी स्प्रिंगचे दुखणे हे एवढेच. तिला एकच आकडा निवडता येतो. हवेला निवडावा लागत नाही. सायकलचा पंप बोटाने बंद करून दांडा दाबला की जसजसा तो आत जातो तसतसा हाताला जास्त जोर लागतो, बलूनचे तेच. वजन वाढले की कंट्रोल युनिट आणखी हवा भरते, दाबाबरोबर कडकीही वाढते, म्हणून रिकामी असो वा भरलेली, गाडीची चाल जवळजवळ तीच राहते. त्यामुळे ‘स्प्रिंग घातली तरी काही फरक पडत नाही’ हे गॅरेजातले वाक्य एकट्याने फिरणाऱ्याला बरेचसे खरे, आणि सात जणांना घेऊन मानपूरचा घाट उतरणाऱ्याला बरेचसे खोटे.

हा वाद काही इंदुराचा शोध नाही. १९५७ साली कॅडिलॅकने ‘एल्डोराडो ब्रोम’ नावाची गाडी काढली. किंमत १३,०७४ डॉलर. त्या काळी ती रोल्स-रॉईसच्या पंगतीत बसणारी रक्कम होती. चारही चाकांवर हवा. दोन वर्षांत जेमतेम ७०४ गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बऱ्याच पुढे गळू लागल्या. मालकांनी काय केले? साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. १९५८ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोलेपासून ब्यूकपर्यंत सगळ्यांना हवेचा पर्याय दिला आणि थोड्याच काळात मुकाट्याने मागे घेतला. पुढे १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची हवा आली. ती जुनी झाली तसा हवा काढून स्प्रिंग घालायच्या तयार संचांचा धंदा अमेरिकेत उभा राहिला. स्ट्रटमास्टर्ससारखी नावे आज गॅरेजवाल्यांना माहीत आहेत ती या धंद्यामुळे. रेंज रोव्हरची गंमत तर और. १९७० साली ती गाडी गाजली ती लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंगांमुळेच. शेतातून चालवा, मग नाटकाला घेऊन जा, अशी तिची ख्याती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिच्यात हवा आली, नंतरच्या पिढीत हवेशिवाय ती मिळेनाशी झाली, आणि इंग्लंडातले जुने रेंज रोव्हरवाले हवा काढून पुन्हा कॉइल घालू लागले.

मर्सिडीजची गोष्ट मात्र थोडी निराळी आणि मला ती जास्त बोलकी वाटते. १९६१ च्या ३०० एसईला हवा होती, १९६३ च्या भव्य ६०० ला होती. त्या गाड्यांत कंप्रेसर इंजिनवर फिरायचा आणि उंची राखायचे काम दांडीने चालणारे साधे यांत्रिक व्हॉल्व्ह करायचे. साठ वर्षांनंतरही हौशी मालक त्या दुरुस्त करून वापरतात. बलून बदलतात, व्हॉल्व्ह उघडून धुतात. १९९८ च्या एस-क्लासपासून एअरमॅटिक नावाची इलेक्ट्रॉनिक पिढी सुरू झाली. तिच्यात रबराची पिशवी, शॉकअब्झॉर्बर, त्याचा विजेवर बदलणारा कडकपणा आणि वायरिंग, सगळे एकाच नळकांड्यात गुंफलेले. आता रबराला भेग पडली की अख्खा स्ट्रट बदला, असा कंपनीचा शिरस्ता. हवेचे तत्त्व तेच राहिले. बदलली ती बांधणी.

हे नीट कळायचे तर मोटारी सोडून बस डेपोत जावे. गंमत अशी की तिथे वारे उलट्या दिशेने वाहतात. बस पाट्यांवरून, म्हणजे लीफ स्प्रिंगवरून, हवेवर गेल्या. २००१ साली व्होल्वोची बी-७-आर भारतात आली आणि इंदूर-पुणे, इंदूर-मुंबई रात्रीच्या प्रवासाची व्याख्याच बदलली; ए. बी. (आग्रा-मुंबई) रोडवरून धुळ्यापर्यंत झोप लागू शकते, हे माळव्याला तेव्हा कळले. आज बलूनची बस ही ट्रॅव्हल्सवाल्यांची जाहिरात आहे. ज्यांचे पोट गाडीवर आहे ते हवेकडे येतात, आणि ज्यांच्याकडे गाडी हौसेची आहे ते हवेपासून पळतात. असे का?

डेपोतल्या एका वयस्क फोरमनने मला ते उभ्या उभ्या समजावले. बसमध्ये हवा आधीपासूनच असते, कारण ब्रेकच हवेचे. इंजिनवर दणकट कंप्रेसर आहे, टाक्या आहेत, ओलावा काढायची सोय आहे. बलून ही त्याच घरातली नवी सून. बलून वेगळा, शॉकअब्झॉर्बर वेगळा. उंचीचा व्हॉल्व्ह लोखंडी दांडीचा. बलून फुटला तर चार बोल्ट सोडा, नवा लावा, दुपारच्या फेरीला गाडी रवाना. त्याला बलून म्हणजे टायरचा चुलतभाऊ वाटतो, घासणारा, बदलायचा, वहीत नोंद ठेवायचा. मोटारीच्या मालकाला कुणी सांगितलेलेच नसते की हे रबर आहे आणि रबराला वय असते. त्याने घेतलेली असते ‘लक्झरी’.

रेल्वेने तर दोघांना एकत्र नांदवले आहे. इंदूर-भोपाळ वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबरात नागपूरपर्यंत गेली. आमच्याकडच्या कितीतरी घरांची विदर्भातली माहेरे त्यामुळे जवळ आली. तिच्या बोगीत चाकांशी पोलादी कॉइल आहेत आणि त्यांच्यावर, डब्याखाली, हवेचे बलून. खालचा दणका पोलादाने खायचा, माणसांच्या ओझ्याचा चढउतार हवेने. रेल्वेच्या बलूनच्या आत रबराचा एक घट्ट ठोकळाही बसवलेला असतो. हवा गेलीच तर डबा त्यावर टेकतो आणि गाडी वेग कमी करून पुढे जाते. मोटार बनवणाऱ्यांनी हा शहाणपणा घेतला नाही. तिथे हवा गेली की गाडी बंप स्टॉपच्या चिमुकल्या रबरावर आपटत राहते, आणि तशीच दामटली तर उरलेले बलूनही घडीत चिमटून फाटतात. हवा वाईट नाही. वाईट आहे ते सगळ्याचे मिळून बांधलेले गाठोडे, आणि ते गळल्यावर मालकाच्या हाती काहीच न राहणे.

इंदुरात हा प्रश्न एवढा वाढला त्याला दिल्लीही कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. मग आठव्या-नवव्या वर्षीच तिकडचे मालक मोठ्या डिझेल गाड्या मिळेल त्या भावाला काढू लागले. आमच्या देवास नाक्याच्या आणि बायपासच्या बाजारात ऑडी, मर्सिडीज, लँड रोव्हर नव्या हॅचबॅकच्या किमतीत उभ्या दिसू लागल्या. गाडी स्वस्त झाली, सुटे भाग स्वस्त झाले नाहीत. नेमक्या त्याच वयात रबर म्हातारे होते. मूळ मालकाने गाडीची मलई खाल्ली, दुसऱ्याच्या वाट्याला बलून आले.

आणि गतिरोधक! भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट हवा, ताशी २५ किलोमीटरने आरामात पार होणारा. आमच्या वसाहतींत तो रहिवाशांनी एका रात्रीत उभारलेला, डांबराचा घट्ट वरवंटा असतो. नीट चालणारी हवेची गाडी बटणावर उंच होऊन तो ओलांडते. बसकी झालेली ओलांडत नाही, म्हणून मालकाला आधी सुचते ते ‘थोडी उंच स्प्रिंग घालून टाका’.

तर स्प्रिंग घालायच्या वाटा कोणत्या? सगळ्यांत सभ्य वाट ती, जिथे कारखान्यानेच त्या मॉडेलचा स्प्रिंगवाला अवतार काढलेला असतो. लँड रोव्हर डिस्कव्हरी-३ ची साधी आवृत्ती काही देशांत कॉइलवर विकली गेली. पहिल्या पिढीची ऑडी क्यू-७, पोर्शे कायेन, मर्सिडीज एमएल या गाड्यांचेही पोलादी स्प्रिंगचे प्रकार होते. अशा गाडीला त्या प्रकाराच्या स्प्रिंगा, त्यांच्याच जोडीचे शॉकअब्झॉर्बर, वरचे माउंट आणि गरज असेल तिथे अँटिरोल बार घ्यायचा, आणि कंट्रोल युनिटला स्कॅनरने सांगायचे की बाई, तू आता स्प्रिंगवाली झालीस. मग गाडी काही गमावून का होईना, पण कुणा इंजिनिअरने विचार केलेल्या रूपात उभी राहते. काही गाड्यांत हवा फक्त मागच्या आसाला असते, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत तसे आहे. तिथे मागे स्प्रिंग घालणे सोपे आणि त्यात तोटा मुख्यतः ओझे वाहतानाच जाणवतो.

दुसरी वाट तयार संचाची. एस-क्लास किंवा नंतरची रेंज रोव्हर यांना कारखान्याने पोलादी अवतार दिलाच नाही, तेव्हा बाहेरच्या कंपनीने तिसऱ्याच देशातल्या रस्त्यांवर जुळवलेला संच घ्यायचा. चांगल्या संचात गाडीच्या मेंदूला गप्प बसवणारी एक चिमुकली पेटीही येते. नाही तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा जन्मभर जळत राहतो, आणि खरा बिघाड झाला तर तो कळायला दुसरा दिवाच उरत नाही. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. अनेक गाड्यांत हेडलाइटची नजर खाली-वर करणारी यंत्रणा याच उंचीच्या सेन्सरवर चालते. हवा काढताना सेन्सरचे दांडे तोडून टाकले की समोरच्याच्या डोळ्यांत रोज प्रकाश मारण्याची कायमची सोय होते.

तिसरी वाट आपली, खास. ट्रान्सपोर्टनगरात कमानीवाले आहेत, पाटे तापवून पुन्हा वाकवणारे, त्यांच्या हुन्नराबद्दल मला आदर आहे. १९३५ च्या सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी अमेरिकेहून चेसिस मागवून लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतलेली केशरी-काळी ड्यूसेनबर्ग, तिच्याखालीही पाटेच होते. त्या काळची अतिशय महागडी गाडीदेखील गावातल्या चांगल्या लोहाराला परकी नव्हती. पण कॉइलचे तसे नाही. दुसऱ्याच एखाद्या जीपगाडीची स्प्रिंग आणायची, ग्राइंडरने दोन वेटोळी कापायची आणि बलूनच्या जागी वेल्डिंग करून बशी ठोकायची, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. आठ कार्यरत वेटोळ्यांची स्प्रिंग दोन वेटोळी कापली की एक तृतीयांशाने अधिक कडक होते. आणि तारेची जाडी तर चौथ्या घाताने बोलते. ‘जरा जाड’ म्हणून दहा टक्के जाड तार घेतली की कडकी जवळपास दीडपट. वर जुना, हवेसाठी जुळवलेला शॉकअब्झॉर्बर तसाच. एवढ्या कडक स्प्रिंगला तो आवरू शकत नाही. गाडी एका उंचवट्यावरून गेली की तीनदा मान डोलावते. पुढच्या चाकांचा कल बिघडून टायर आतून खाल्ले जातात ते वेगळेच. ही वाट हवेपेक्षा वाईट आणि स्प्रिंगपेक्षाही वाईट. तिला मी बदल म्हणत नाही, मोडतोड म्हणतो.

पीथमपूर आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. तिथे नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ च्या जूनमध्ये खुला झाला, आशियातला सर्वांत लांब. शेजारीच मुद्दाम खराब केलेले रस्ते आहेत, गाडीची हाडे खिळखिळी करून पाहायला; हाताळणी आणि ब्रेक तपासायचे वेगळे ट्रॅक आहेत. एका सस्पेन्शनला तिथे पास व्हायला किती चकरा माराव्या लागतात ते आठवावे, आणि मग आपले कापलेल्या स्प्रिंगचे वाहन सुपर कॉरिडॉरला एक राउंड मारून ‘ओके’ होते ते पाहावे.

कायद्याचे बोलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक शब्दांत सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नोंदणीपत्रात सस्पेन्शनचा रकाना नसतो म्हणून गॅरेजवाले खांदे उडवतात. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर अपघातानंतर गाडीखाली वाकून पाहतो, तेव्हा तो रकाने पाहत नसतो. कारखान्याच्याच दुसऱ्या आवृत्तीचे भाग बिलासह बसवलेल्या मालकाला तिथे निदान बोलायला तोंड असते. बदल केलाच तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे.

या सगळ्या वादात एक तिसरी गोष्ट हरवते. हवेची गाडी हवेवरच, पण कंपनीच्या गाठोड्याबाहेर दुरुस्त करता येते. बाहेरच्या कंपन्यांचे नवे बलून मिळतात. काही स्ट्रटमध्ये आतला शॉकअब्झॉर्बर चांगला असेल तर फक्त रबर बदलून मिळते. दर्जा पाहून घ्यावा लागतो, स्वस्तातले रबर दुसऱ्या उन्हाळ्यात तडकते. आणि त्याच्याही आधी दुखणे कुठे आहे ते पाहावे लागते. एकच कोपरा रात्रीतून बसत असेल तर त्या बलूनवर किंवा त्याच्या पाइपावर संशय. पुढची दोन्ही चाके मिळून बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे पाहावे. गाडी बसत नाही पण उठतही नाही, तर फ्यूज, रिले, कंप्रेसर, या क्रमाने. स्प्रे बाटलीत साबणाचे पाणी आणि हातात मोजपट्टी, एवढी सामग्री पुरते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची रात्री आणि सकाळी मोजायची. इतके करायला किती गॅरेजे तयार असतात? मी गेलो त्यांतली दोन.

माझे मत विचाराल तर, स्प्रिंगवाला कारखानी अवतार असलेली, एक-दोन माणसांनी वापरायची, शेवटपर्यंत ठेवायची गाडी बिनदिक्कत स्प्रिंगवर न्यावी, पूर्ण जोडीनिशी. फक्त हवेवर बांधलेली उंची गाडी ज्याला हवेवर सांभाळायची ऐपत नाही त्याने ती विकावी, तिला स्प्रिंगवर नेऊ नये. तिच्यासाठी मोजलेले पैसे नेमके त्या चालीचे होते. आणि सात जणांनी भरून घाट चढणारी गाडी शक्यतो हवेवरच राहू द्यावी, बलूनला टायरसारखे वय आहे हे धरून त्याचे पैसे दर वर्षी बाजूला टाकत.

मेहुण्याच्या गाडीला आम्ही एका रविवारी साबणाचे पाणी मारले. बलूनच्या घडीत बारीक भेगा होत्या, पण बुडबुडे तिथे आले नाहीत. आले ते मागच्या डाव्या पाइपाच्या जोडाशी, व्हॉल्व्ह ब्लॉकजवळ, जिथे आधीच्या कुणीतरी स्वस्तातला कनेक्टर खोचला होता. जोड बदलला. मिस्त्री आला, त्याने पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, “छह महीने.” मेहुण्याने पार्किंगच्या भिंतीवर पेन्सिलीने चार कोपऱ्यांची उंची लिहिली आणि खाली तारीख टाकली. परवा गेलो तेव्हा त्या भिंतीवर अकरा ओळी झाल्या होत्या. डावा मागचा आकडा शेवटच्या तीन ओळींत चार मिलिमीटरने कमी दिसला, तेव्हा त्याने मला न विचारताच बाहेरच्या कंपनीच्या दोन बलूनचा भाव काढून ठेवला होता.